नवी गोळी सर्वांसाठी नाही. आयएनआर तपासणी तालुक्यातच व्हावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या आरोग्य पुरवणीत रक्ताच्या गुठळ्या आणि त्यांवरील नव्या औषधांविषयी जो लेख आला, त्यासंबंधी हे पत्र लिहीत आहे. लेखाची भाषा सोपी होती आणि पायाच्या शिरांत होणाऱ्या गुठळ्यांचा भाग चांगला उतरला होता. मात्र शेवटच्या परिच्छेदात, नव्या गोळ्या आल्यामुळे जुनी गोळी (वॉरफरिन किंवा एसिट्रोम), दर महिन्याची आयएनआर ही रक्त किती उशिरा गोठते हे दाखवणारी रक्ततपासणी आणि पालेभाज्यांचे पथ्य या तिन्हींची गरज आता उरलेली नाही, अशा आशयाचे एक सरसकट विधान होते. ज्या रुग्णांना ते मुळीच लागू नाही, त्यांनीच ते सर्वांत आशेने वाचले असेल, अशी माझी समजूत आहे. कारण त्यांतला एक माझा धाकटा भाऊ आहे.

त्याची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. हृदयातील डावीकडची, मायट्रल म्हणतात ती झडप काढून तिच्या जागी धातूची झडप बसवल्याला आता बरीच वर्षे झाली. रविवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. "ताई, पेपरात आलंय, ती टेस्टची कटकट संपली म्हणे. मेडिकलवाल्याला विचारलं, नवी गोळी त्याच्याकडं आहे. उद्यापासून तीच चालू करू का? छाटणीच्या दिवसांत नाशिकचा एक हेलपाटा तरी वाचेल." आवाजात इतका आनंद होता की 'नको' म्हणताना मला जड गेले. मी त्याला थांबवले. पण ज्यांच्या घरी प्रयोगशाळेत काम केलेली बहीण नाही, त्यांना कोण थांबवणार, हा प्रश्न तेव्हापासून मनातून जात नाही.

मी डॉक्टर नाही. वैद्यकीय प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून तीस वर्षे काम केले आणि त्यातील मोठा काळ रक्त गोठण्याच्या चाचण्यांच्या टेबलावर गेला. त्यामुळे औषध कोणी कोणते घ्यावे हे मी सांगणार नाही. पण या प्रश्नावर जो अभ्यास झाला आहे, तो लेखात यायला हवा होता आणि आला नाही, एवढे नक्की म्हणेन.

डॅबिगॅट्रान ही नव्या गोळ्यांतील पहिली. ती धातूच्या झडपेच्या रुग्णांना चालेल का, हे पाहण्यासाठी 'री-अलाइन' नावाची चाचणी घेण्यात आली. २५२ रुग्ण त्यात सहभागी झाले. काहींना नवी गोळी, काहींना जुने वॉरफरिन देण्यात आले. चाचणी मध्येच थांबवावी लागली. नवी गोळी घेणाऱ्या १६८ जणांपैकी ९ जणांना पक्षाघाताचा झटका आला, तर वॉरफरिन घेणाऱ्यांपैकी एकालाही नाही. आणि गुठळ्या जास्त होऊनही मोठा रक्तस्राव कमी झाला म्हणावे, तर तोही नव्या गोळीवरच जास्त निघाला. हे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. पुढे अपिक्साबान या दुसऱ्या नव्या औषधाची चाचणी महाधमनीच्या झडपेच्या जागी विशिष्ट प्रकारची कृत्रिम झडप बसवलेल्या रुग्णांवर झाली. तीही २०२२ मध्ये, गुठळ्या जास्त होत असल्यामुळे, थांबवण्यात आली. म्हणजे हा विषय अनिर्णित नाही. धातूची झडप असलेल्यांनी या गोळ्या घेऊ नयेत, असे त्यांच्या माहितीपत्रकांतही लिहिलेले असते. फक्त ते इतक्या बारीक टाइपात असते की चष्मा लावूनही दमछाक व्हावी.

असे का होते, याचे एक स्पष्टीकरण अभ्यासकांनी दिले आहे आणि ते मला पटते. रक्त गोठणे ही एका घटकाने दुसऱ्याला जागे करायचे, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी साखळी आहे. जुनी गोळी यकृतात तयार होणारे दुसरा, सातवा, नववा आणि दहावा असे चार घटक एकदम मंदावते. नवी गोळी साखळीतील एकच कडी पकडते. डॅबिगॅट्रान थ्रॉम्बिनला, म्हणजे जागा झालेल्या दुसऱ्या घटकाला, अपिक्साबान आणि रिव्हारोक्साबान दहाव्या घटकाला. धातूच्या झडपेचा पृष्ठभाग आणि ती शिवण्यासाठी असलेली कापडी कडा साखळीला वरच्या टोकापासून सतत चिथावत राहतात. खाली एकाच ठिकाणी लावलेला बांध मग त्या लोंढ्यापुढे पुरा पडत नाही.

आता दुसरा गट, जो आपल्याकडे याहून मोठा असावा. लहानपणी घसा दुखून ताप येतो, पुढे गुडघे-घोटे सुजतात, घरचे म्हणतात वाढीचे अंग दुखते आहे. माझ्या भावाचेही असेच झाले होते. आईने तेल चोळले, आठवड्यात तो खेळायला लागला आणि सगळे विसरले. घशातील स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे पुढे होणारा हा ऱ्हुमॅटिक ताप सांध्यांना चाटतो आणि हृदयाला चावतो, असे डॉक्टर मंडळी म्हणतात. झडप हळूहळू जाड होते, अरुंद होते, विशी-तिशीत धाप लागू लागते, ठोके अनियमित होतात आणि हृदयाच्या कप्प्यात साचलेल्या रक्तात गुठळी धरते. श्रीमंत देशांतून हा आजार जवळजवळ गेला. नव्या गोळ्यांच्या गाजलेल्या चाचण्या प्रामुख्याने ज्या वयस्कर रुग्णांवर झाल्या, त्यांचे ठोके अनियमित असले तरी झडपा अशा आकसलेल्या नव्हत्या. तिथला निष्कर्ष उचलून इथे लावता येईल का, हा प्रश्न म्हणूनच वेगळा विचारावा लागला.

तो विचारला गेला. 'इन्व्हिक्टस' या चाचणीत आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतील २४ देशांतले साडेचार हजारांहून अधिक रुग्ण होते, त्यांत भारतातलेही होते. सरासरी वय पन्नाशीचे आणि जवळपास तीन चतुर्थांश स्त्रिया. निम्म्यांना रिव्हारोक्साबान, निम्म्यांना वॉरफरिनच्या जातीची जुनी गोळी. अपेक्षा अशी होती की नवी गोळी निदान जुनीच्या बरोबरीला तरी येईल. २०२२ च्या ऑगस्टमध्ये निकाल आला तेव्हा नव्या गोळीच्या गटात पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, इतरत्र जाऊन अडकलेली गुठळी किंवा मृत्यू यांपैकी काही ना काही ५६० जणांच्या वाट्याला आले होते, जुन्या गोळीच्या गटात ४४६ जणांच्या. मृत्यूही नव्या गोळीवर जास्त झाले. विशेष म्हणजे जुन्या गोळीच्या गटातील रुग्णांची आयएनआर काही आदर्श नव्हती. ठरलेल्या मर्यादेत ती असण्याचे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपासच होते. तरीही जुनी गोळी सरस ठरली. जुन्या गोळीच्या रुग्णाला दर महिन्याला तपासणीसाठी यावे लागते, त्यामुळे कोणीतरी त्याला दर महिन्याला पाहते, धाप वाढली का, पाय सुजले का, हे विचारते. त्या भेटींचाही यात काही वाटा असेल, असा माझ्यापुरता तर्क आहे.

नव्या गोळ्यांवर माझा राग नाही. झडपेचा दोष नसताना ठोके अनियमित असलेल्यांसाठी आणि पायाच्या शिरेतील किंवा फुप्फुसातील गुठळीसाठी त्या खरोखरच मोठी सोय आहेत. २००९ ची डॅबिगॅट्रानची चाचणी आणि २०११ ची अपिक्साबानची चाचणी प्रत्येकी अठरा हजारांवर रुग्णांची होती, आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचे भय या गोळ्यांनी स्पष्टपणे कमी केले. पेटंट संपल्यावर किमतीही उतरल्या. माझ्या शेजारच्या काकांना तीच गोळी दिली आहे आणि ती योग्यच आहे. आक्षेप एवढाच आहे की लेखाने काकांची गोळी माझ्या भावालाही देऊन टाकली. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम या रक्त फाजील गोठण्याच्या विकारातही, ज्यात पुष्कळ तरुण स्त्रियांचे गर्भ पुन्हा पुन्हा पडतात, रिव्हारोक्साबानची चाचणी गंभीर रुग्णांत थांबवावी लागली होती. त्याचाही उल्लेख लेखात नाही.

जुन्या गोळीची हेटाळणी करण्याची एक रीत पडली आहे. भावाला त्याच्या साडूने एकदा सर्वांसमोर विचारले, "उंदीर मारायचं औषध खाता म्हणे तुम्ही?" प्रश्न खोचक असला तरी खोटा नव्हता. १९२० च्या दशकात अमेरिका आणि कॅनडाच्या कुरणांत गुरे रक्तस्रावाने मरू लागली. शिंगे कापली किंवा खच्ची केले तरी रक्त थांबेना. ती गुरे स्वीट क्लोव्हर नावाचा ओला होऊन बुरसटलेला चारा खात होती. १९३३ च्या फेब्रुवारीत, हिमवादळात, विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी मेलेली कालवड, तो चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त घेऊन विद्यापीठात पोहोचला आणि कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने तो प्रश्न हाती घेतला. १९३९ मध्ये त्यांना चाऱ्यातून डायक्युमरॉल हे द्रव्य वेगळे करता आले. त्याचीच पुढची भावंडे तयार करताना हाती आलेले वॉरफरिन १९४८ मध्ये खरोखरच उंदरांसाठी बाजारात आले, आणि १९५४ मध्ये माणसांसाठी त्याला मान्यता मिळाली. आपल्याकडे जी ॲसेनोकुमरॉल, म्हणजे बहुतेकांच्या तोंडी असलेली 'एसिट्रोम', सर्रास दिली जाते, ती याच घराण्यातली. स्वीट क्लोव्हर हे आपल्या मेथीचे अगदी जवळचे नातेवाईक आहे, हे मला निवृत्तीनंतर कळले आणि गंमत वाटली. कारण एकीच्या बुरशीतून हे औषध निघाले आणि दुसरीच्या पानांतले व्हिटॅमिन के त्याच औषधाला अडवते.

म्हणून मेथीची धास्ती. गोदाकाठच्या भाजीबाजारात हिवाळ्यात मेथी-पालकाचे ढीग लागतात आणि या गोळीवरची माणसे त्यांच्याकडे पाठ फिरवून जातात. बहुतेकांना डॉक्टरांनी 'पालेभाजी बंद' एवढेच सांगितलेले असते, किंवा त्यांना तेवढेच ऐकू आलेले असते. खरे पाहता पालेभाजी अजिबात सोडण्याची गरज नाही. ती दर आठवड्याला साधारण सारखी असली की गोळीचा डोस तिच्याशी जुळवून घेता येतो. घोटाळा होतो तो चढउतारामुळे. श्रावणात पंधरा दिवस रोज पालेभाजी आणि भादव्यात एकदम बंद, असे केले की आयएनआर आधी पडते आणि मग चढते. लेखात द्राक्षांचेही पथ्य छापले आहे. नाशिकच्या दैनिकात ते वाचून भाऊ बराच वेळ हसला. इंग्रजी माहितीपत्रकात असते ते ग्रेपफ्रूट, पपनसाच्या जातीचे फळ. बागेतल्या द्राक्षांशी त्याचा संबंध नाही.

आता माझ्या टेबलाकडे येते, कारण लेखात जिला कटकट म्हटले आहे, त्या तपासणीबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचे आहे.

मी नोकरीला लागले तेव्हा प्रोथ्रॉम्बिन टाइम, ज्याला सगळे पीटी म्हणतात, तो हाताने काढावा लागे. सदतीस अंशांच्या पाण्यात काचेची छोटी नळी, तिच्यात रुग्णाचा प्लाझ्मा, म्हणजे पेशी वेगळ्या केलेला रक्तातला द्रव, त्यावर थ्रॉम्बोप्लास्टिनचे, म्हणजे रक्त गोठायला लावणारे रिएजंट टाकताक्षणी स्टॉपवॉच दाबायचे आणि नळी पाण्यातून वर काढून दिव्यासमोर हळूच तिरकी करत राहायची. पातळ द्रव इकडून तिकडे वाहत असतो, वाहत असतो, आणि एका क्षणी त्यात जिलेबीच्या पाकाची तार धरावी तसा धागा दिसतो. त्या क्षणी घड्याळ थांबवायचे. निरोगी माणसाचे बारा-तेरा सेकंद, गोळीवरच्या माणसाचे पंचवीस, तीस. या सेकंदांवर एखाद्याच्या महिन्याभराच्या गोळ्या ठरायच्या.

अडचण अशी की हे सेकंद रिएजंटवर अवलंबून असतात. एका कंपनीचे रिएजंट चपळ, दुसऱ्याचे सुस्त; तेच रक्त नाशकात एका प्रयोगशाळेत वीस सेकंद दाखवी आणि मुंबईत तीस. हा गोंधळ मिटवण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये आयएनआर ही पद्धत स्वीकारली. प्रत्येक रिएजंटच्या संवेदनशीलतेचा एक आकडा असतो, त्याला आयएसआय म्हणतात. रुग्णाच्या सेकंदांना निरोगी सेकंदांनी भागायचे आणि आलेल्या गुणोत्तराचा आयएसआय इतका घात करायचा. उदाहरणच देते. गुणोत्तर १.६ आले आणि रिएजंटचा आयएसआय १ असेल, तर आयएनआर १.६. तेच गुणोत्तर आयएसआय २ असलेल्या रिएजंटवर आले असेल, तर आयएनआर २.५६. मायट्रलच्या जागी धातूची झडप असलेल्याची आयएनआर साधारणपणे २.५ ते ३.५ च्या दरम्यान राखतात. म्हणजे पहिल्या अहवालाचा माणूस झडपेवर गुठळी होण्याच्या उंबरठ्यावर आहे आणि दुसऱ्याचा ठीक आहे. रिएजंटची नवी पेटी उघडली की तिच्यावरचा नवा आयएसआय यंत्रात भरायचा असतो. तो भरायचा राहिला तर यंत्र मुकाट्याने चुकीचे उत्तर देत राहते, तेही दोन दशांश स्थळांपर्यंत.

दुसरी जागा निळ्या झाकणाच्या नळीची. या नळीत रक्त गोठू न देणाऱ्या सोडियम सायट्रेटचे ठरलेले थेंब आधीच असतात आणि रक्त तिच्यावरच्या रेघेपर्यंतच भरायचे असते; नऊ भाग रक्त, एक भाग सायट्रेट. शीर नीट सापडली नाही म्हणून रक्त अर्ध्या नळीवर थांबले, तर सायट्रेट जास्त होते, रक्त गोठायला उगाचच उशीर लागतो आणि आयएनआर खोटी चढलेली दिसते. भावाच्या बाबतीत हे घडले आहे. दोन वर्षांपूर्वी एका खासगी केंद्रातून त्याचा अहवाल ५.१ आला. दोन दिवस गोळी बंद करण्याचा सल्ला फोनवर मिळाला. त्याला सहज विचारले, नळी किती भरली होती? तो म्हणाला, "दोनदा टोचलं, थोडंच आलं, म्हणाले चालेल." मी त्याला त्याच दुपारी गाडीत घालून दुसरीकडे नेले, नळी रेघेपर्यंत भरून घेतली, आयएनआर २.७ होती. ॲसेनोकुमरॉल शरीरातून लवकर निघून जाते, वॉरफरिनच्या कितीतरी आधी. दोन दिवस गोळी बंद राहिली असती, तर गुठळीने वाट पाहिली नसती. त्या केंद्राचे नाव मी लिहिणार नाही, कारण अर्धी भरलेली नळी मी अनेक ठिकाणांहून आलेली पाहिली आहे आणि अशी नळी परत पाठवल्याबद्दल बोलणीही खाल्ली आहेत.

यातूनच माझी मागणी येते. झडप बदलण्याची शस्त्रक्रिया आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होऊ शकते, ही मोठी गोष्ट आहे. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने देशातच बनवलेली झडप १९९० पासून बसवली जात आहे. परंतु झडप बसल्यावर आयुष्यभर लागणारी ही तपासणी रुग्णाने कुठे, किती अंतरावर, कोणाच्या भरवशावर करायची, याचा विचार शस्त्रक्रियेच्या टेबलाशीच थांबतो. दिंडोरीहून नाशिक त्यातल्या त्यात जवळ आहे. सुरगाण्याच्या पलीकडच्या पाड्यावरून निघणाऱ्या बाईला पहाटेची एसटी, शहरातली रिक्षा, तपासणीचे पैसे, अहवालासाठी संध्याकाळपर्यंत थांबणे आणि बुडालेली मजुरी असा हिशेब करावा लागतो. ती तीन महिने येत नाही आणि मग कागदावर 'रुग्णाची बेपर्वाई' असे लिहिले जाते, हे मी वाचले आहे.

यासाठी फार मोठे यंत्र लागत नाही. प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात महिन्यातून दोन दिवस, शक्यतो त्या गावच्या आठवडे बाजाराच्या दिवशी, आयएनआरसाठी रक्त घेतले जावे. बोटाच्या थेंबावर आयएनआर दाखवणारी, साखर मोजण्याच्या यंत्राइतकी लहान यंत्रे मिळतात. पट्ट्या महाग पडत असतील तर नळ्या जिल्ह्याला पाठवाव्यात. न उघडलेल्या नळीतला पीटीचा नमुना साध्या खोलीच्या तापमानात एक दिवस चांगला टिकतो. तो बर्फाच्या डब्यात मात्र घालू नये, कारण थंडीने सातवा घटक आपोआप जागा होतो आणि आकडा बिघडतो. नमुने गोळा करणाऱ्या मुलांना हे कोणी सांगितलेले नसते आणि ती बिचारी जास्त काळजी म्हणून बर्फ घालतात. अहवाल त्याच संध्याकाळी फोनवर कळवावा, आणि त्यावर सेकंद, आयएनआर आणि रिएजंटचा आयएसआय हे तिन्ही आकडे छापलेले असावेत. २०२७ च्या सिंहस्थासाठी जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेची तयारी चालली आहे. त्या खरेदीत ही चार-दोन यंत्रे बसली, तर साधू गेल्यावरही ती तालुक्याच्या उपयोगी पडतील.

काही गोष्टी पैशांशिवायही होण्यासारख्या आहेत. एसिट्रोम एक, दोन, तीन, चार मिलिग्रॅममध्ये येते आणि औषधाच्या दुकानात पट्टी कापून देताना मिलिग्रॅमचा आकडा असलेला तुकडा नेमका दुकानदाराकडे राहतो. कापताना तो रुग्णाकडे जावा. गोळी बदलून 'हीच आहे, कंपनी वेगळी' म्हणून देऊ नये. 'रक्त पातळ करायची गोळी' या नावाने इकोस्प्रिन (ॲस्पिरिन) ही गोळीही ओळखली जाते, पण ती प्लेटलेटवर चालते आणि एकीच्या जागी दुसरी चालत नाही. रक्त या गोळ्यांनी पातळ होतही नाही, फक्त उशिरा गोठते. मात्र हा शब्द आता कोणाच्या तोंडातून जाणार नाही, तेव्हा तो राहू दे. गेल्या वर्षी फवारणीच्या पंपाने भावाची कंबर धरली, तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी कमरेत वेदनाशामक इंजेक्शन दिले. स्नायूत रक्त उतरून ताटलीएवढी जांभळी गाठ आली आणि ऐन खरड छाटणीत तो आठ दिवस पालथा झोपून राहिला. डॉक्टरांनी विचारले नाही आणि याने सांगितले नाही. तेव्हापासून गोळीचे नाव, झडपेचा प्रकार आणि शेवटच्या चार आयएनआर लिहिलेले कार्ड त्याच्या खिशात असते, छाटणीची कात्री असते त्याच खिशात. जुन्या गोळीवरच्या तरुण विवाहित मुलींनी तर पाळी चुकताच डॉक्टरांकडे जायला हवे, कारण पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी गर्भाला अपाय करू शकते आणि तेवढा काळ हेपारिनची इंजेक्शने देता येतात. हेही लेखात असते तर बरे झाले असते. पुरवणी घरातल्या बायकाच जास्त वाचतात.

आपणांस विनंती अशी की, येत्या रविवारी त्याच पुरवणीत, लेख जिथे होता त्याच जागी, ठळक चौकटीत पुढील मजकूर एखाद्या हृदयरोगतज्ज्ञांकडून तपासून घेऊन छापावा: 'ज्यांच्या हृदयात धातूची झडप आहे, किंवा ऱ्हुमॅटिक तापामुळे ज्यांची मायट्रल झडप अरुंद झाली आहे, त्यांनी गेल्या आठवड्यातील लेख वाचून एसिट्रोम अथवा वॉरफरिन बंद करू नये किंवा बदलू नये. कोणी गोळी बदलली असल्यास आजच आपल्या डॉक्टरांना भेटावे. आयएनआर तपासणी चालू ठेवावी.' चौकट सोमवारपर्यंत थांबवू नये. भावासारखे किती जण औषधाच्या दुकानात जाऊन आले असतील, याचा मला अंदाज नाही.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
नाशिकरोड